मतदारसंघांच्या रेषा आणि बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण महाड, नाशिक आणि नागपूर या स्थळांच्या अनुषंगाने स्मरतो. मतदारसंघ कसे आखावेत, या प्रश्नावर त्यांनी दिलेला प्रदीर्घ लढा मात्र क्वचितच सांगितला जातो.

२७ जानेवारी १९१९ रोजी, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असताना, त्यांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली. जिल्हा वा तालुका हीच मतदारसंघाची सीमा मानली, तर गावोगावी विखुरलेल्या अस्पृश्य समाजाचा आवाज प्रत्येक ठिकाणी अल्पमतात बुडेल, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मागितल्या. गोलमेज परिषदेनंतर ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आपल्याच मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडावेत आणि अंतिम निवड सर्वांच्या मतांनी व्हावी, अशी तडजोड त्यांना स्वीकारावी लागली.

१९४६ मध्ये ते बंगालमधून संविधान सभेवर गेले. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा मुंबई प्रांताने त्यांना पुन्हा निवडून दिले. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानात सर्वांसाठी एकच मतदार यादी आणि प्रौढ मताधिकार आला. प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि जागांचे लोकसंख्येशी प्रमाण शक्यतो समान असावे, हे तत्त्वही त्यात आले.

त्याच व्यवस्थेत १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेबांचा पराभव झाला. राखीव जागेचा निकालही तेथे सर्व मतदारांच्या हाती होता. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांना यश लाभले नाही. तरीही त्यांनी संसदीय मार्ग सोडला नाही. राज्यसभेत ते अखेरपर्यंत बोलत राहिले. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत पुढे १९६१ मध्ये संपुष्टात आली.

सीमारेषा कागदावर आखली जाते, पण कोणाचे मत मोजले जाईल आणि कोणाचे वाया जाईल, हे तीच ठरविते. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मतदार यादीतील आपले नाव तपासावे, प्रभाग वा मतदारसंघाची प्रारूप रचना प्रसिद्ध होताच ती वाचावी आणि हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी. बाबासाहेबांना आपण वाहिलेले ते कृतिशील अभिवादन ठरेल.