ओझोन कोणत्याच सायलेन्सरमधून निघत नाही, मग येतो कुठून?

मी निगडीहून चाकणला बाइकने जातो. पाषाणच्या आयआयटीएमने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेची केंद्रं निगडी आणि भोसरीत आहेत, त्यामुळे धुळीसोबत ओझोनचा आकडाही मोबाईलवर दिसतो. उंच आकाशातला ओझोन आपली ढाल आहे, पण जमिनीलगतचा फुफ्फुसांना त्रास देतो. मला वाटायचं, तोही कुठल्यातरी धुराड्यातूनच येत असणार. तसं नाही, हे आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं.

त्यांचा जन्म १९०० साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा. १९३७ मध्ये ते अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये आले. अननसाला वास आणि चव कशामुळे येते, हे शोधणं त्यांचं काम. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरायचं. १९४८ च्या सुमारास त्यांनी अननसाच्या वासासाठी वापरलेलं तंत्र थेट शहराच्या हवेवर वापरलं.

हळूहळू उलगडा झाला. इंजिन आणि भट्ट्यांमधून नायट्रोजन ऑक्साइड निघतात. न जळलेलं इंधन आणि पेट्रोलच्या वाफेतून हायड्रोकार्बन मिळतात. दोन्हींवर ऊन पडलं की हवेतच ओझोन तयार होतो. ताणलेलं रबर ओझोनमध्ये तडकतं, म्हणून त्यांनी रबराच्या भेगांवरून ओझोन मोजला.

तेल उद्योगाला हे पटेना. त्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातून शंका घेतल्या गेल्या. हागेन-स्मिट चिडले आणि अननस सोडून याच्याच मागे लागले. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. गाड्यांच्या धुरावरून वाद पेटला आणि १९७३ मध्ये राज्यपाल रेगन यांनी त्यांना पदावरून काढलं. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपला पट्टा बघा. ट्रक, जनरेटर, पेंट शॉपमधले सॉल्व्हंट, पेट्रोल पंप आणि वर भरपूर ऊन. कच्चा माल सगळा हजर! गंमत म्हणजे भर ट्रॅफिकमध्ये ओझोन कमी दिसू शकतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वारा जिकडे वाहतो, तिकडच्या गावांत मात्र तो वाढू शकतो.

भारतात ८ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही. म्हणून धावायला जाणार असाल तर भर दुपार टाळा, सकाळी लवकर जा. आणि पुढच्या वेळी ॲपमध्ये धुळीखालचा ओझोनही बघा. तो कोणी थेट सोडत नाही, पण त्याचा कच्चा माल आपणच पुरवतो. माझी बाइकही त्यात आलीच.