लावणी कुणाची? – शाहीर पठ्ठे बापूराव

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी शंभर मार्कांचा एक विषय होता, बस्स! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आणि मी अलिबागची. आता हसा! हॉस्टेलला आल्यापासून ‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता काही वाटत नाही. पण मागच्या गॅदरिंगनंतर ते खरंच लागलं.

झालं असं. गॅदरिंगचं अँकरिंग माझ्याकडे होतं. आमच्या विंगमधली एक मैत्रीण लावणी करणार होती. ट्रॅक सहा मिनिटांच्या वर जात होता, वेळ मिळाली होती चार मिनिटांची. मग कॉम्प्युटरच्या एका मित्राने लॅपटॉपवर शेवटचं कडवं कापून टाकलं. कार्डावर कवीचं नाव लिहायची जागा होती, तिथे मी ठोकून दिलं, पारंपरिक. स्टेजवर मोठ्या थाटात तसं सांगितलंही. लावणी तुफान झाली. शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मेसमधले एक काका आमटी वाढता वाढता थांबले. ते सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे. म्हणाले, ताई, काल तुम्ही चुकलात. ती लावणी पारंपरिक नाही, आमच्या बापूरावांची आहे. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं, नीट ऐका. टेबलावरचा एकजण लगेच ओरडला, अलिबागसे आया है क्या! रात्री मूळ ट्रॅक काढून ऐकला. खरंच, जे कडवं आम्ही कापलं होतं त्यातच कवीचं नाव होतं. म्हणजे आम्ही माणसाची सही खोडून वर पारंपरिक म्हणून शिक्का मारला होता.

त्या अपराधी भावनेतून मी पठ्ठे बापूरावांबद्दल वाचायला लागले. सबमिशन बाजूला पडलं, जर्नल अजून अपुरं आहे. पण जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतंय.

पठ्ठे बापूराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत. घर ब्राह्मणाचं आणि गावच्या कुलकर्ण्याचं. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारा वतनदार. बापाचं वतन मुलाकडे जायचं, त्यामुळे पोराच्या नोकरीची चिंताच नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस इंटरव्ह्यू न देताच प्लेसमेंट!

पण श्रीधरचं लक्ष दप्तरात नव्हतं. पहाटे बायका जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या, त्या त्याच्या कानात बसल्या. तोही शब्दाला शब्द जुळवू लागला. गावच्या महारवाड्यात तमाशाच्या तालमी चालायच्या. कुलकर्ण्याच्या पोराने तिकडे फिरकायचंसुद्धा नाही असा तो काळ. हा जाऊन बसू लागला. आधी नुसता ऐकायला, मग गाणी रचून द्यायला. शेवटी घर, वतन सगळं सोडून तो तमाशातच गेला. श्रीधर कुलकर्णी संपला आणि पठ्ठे बापूराव सुरू झाला. पठ्ठा म्हणजे तालमीतला तयार गडी. नावातून जात गेली आणि तालीम आली! आपल्या जातीचं सोवळं सोडल्याचं त्यांनी पुढे स्वतःच एका कवनात जाहीर करून टाकलं.

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी (आणि इतरांनीही उगाच माहितीचा आव आणू नये) तमाशाची रचना थोडक्यात सांगते. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण. त्यात कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी. मग बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोद. लावण्या. आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. साथीला ढोलकी, तुणतुणं, झांज. शाहीर पुढे गातो, मागचे झीलकरी ओळ उचलून धरतात. मायक्रोफोन नाही, स्पीकर नाही, मोकळ्या मैदानात रात्रभर! आपल्याला गॅदरिंगला चार चॅनलचा मिक्सर असूनही मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला नव्हता.

हे सगळं बापूराव स्वतः रचायचे. गण त्यांचा, गवळण त्यांची, लावणी त्यांची, वगही त्यांचा. चाल लावायचे, गायचे, फड चालवायचे. कुणाची कंपनी नाही, दरमहा पगार नाही. आज आपण गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्याला इंडिपेंडंट आर्टिस्ट म्हणतो, तसाच हा माणूस. फरक इतकाच की त्याच्या मागे पूर्ण फडाचं पोट होतं. आणि सही म्हणून प्रत्येक रचनेच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफायचं. कॉपीराइटचा कागद नव्हता, मग गाण्यातच नाव ठेवायचं. गाणं जिथे जाईल तिथे नावही जाईल. (आमच्यासारखे कडवं कापणारे भेटेपर्यंत!)

बापूरावांच्या गाण्यांची संख्या ऐकून मी पुस्तक मिटून परत उघडलं. आपण दोन लाख लावण्या रचल्या असं ते स्वतः गाण्यातून सांगायचे. शाहिरी थाट म्हणून त्यातले बरेच वजा केले तरी जे उरतं तेही आपल्या कल्पनेबाहेरचं आहे. त्यातल्या फार थोड्या छापून टिकल्या.

फडाला खरी झळाळी आली ती पवळामुळे. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजात जन्मलेली. तोपर्यंत तमाशात बाईचं काम बहुतेक पुरुषच करायचे, त्याला नाच्या म्हणत. फडात उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये पवळाचं नाव पहिल्यांदा घेतात. बापूरावांचे शब्द आणि पवळाचा गळा, नाच, रूप असा तो जोड जमला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढे बापूरावांनी मिठाराणीचा वग केला. मग मुंबई गाठली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आमच्या अलिबागला हलवली, हे आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना माहीत असेलच. साधारण त्याच जमान्यातली ही मुंबई. गिरण्यांत घाटावरचे आणि कोकणातले कामगार भरलेले. त्यांना गावाकडचा तमाशा इथे तिकीट काढून थिएटरात बघायला मिळू लागला. मुंबई शहराचं वर्णन करणारी बापूरावांची लावणी तर आजही गातात.

इथपर्यंत वाचून मी अगदी खूश होते. जात सोडणारा ब्राह्मण शाहीर, त्याची सखी पवळा, मुंबईतलं यश. पिक्चरची स्टोरी! आणि मग १९२७ साल आलं.

त्या वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. आता आपण रायगड म्हणतो तो तेव्हा कुलाबा जिल्हा, आणि त्याचं मुख्यालय अलिबाग. डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा जिल्ह्याचा कलेक्टर सत्याग्रह करू नका म्हणून सांगायला जातीने तिथे आला होता. आमच्या गावच्या कचेरीतला साहेब! शाळेत महाडचा धडा होता, पण हे माझ्याच जिल्ह्यात घडलं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

या लढ्याला पैसा लागत होता. पठ्ठे बापूराव पवळाला घेऊन बाबासाहेबांना भेटायला गेले आणि आपल्या आठ खेळांचं उत्पन्न देतो म्हणाले. बाबासाहेबांनी ते नाकारलं. महारांच्या बायका स्टेजवर नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांचा अर्थ होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बाबासाहेबांचा राग आला. अरे, ज्या माणसाने जात सोडली, वतन सोडलं, महारवाड्यात जाऊन बसला, त्याचे पैसे परत? रूममेटशी यावरून रात्री एक वाजेपर्यंत भांडले. ती ऐकून घेत होती. मग तिने एवढंच विचारलं की गॅदरिंगला ज्या मुलीने लावणी केली ती हल्ली मेसला का दिसत नाही?

मी गप्प झाले. कारण मला माहीत होतं. गॅदरिंगनंतर कित्येक आठवडे ती कॅन्टीनसमोरून गेली की मागून ढोलकीचा आवाज काढायचे, शिट्टी यायची. तिला एक टोपणनावही पडलं. ती रूमवर मॅगी करून खायला लागली. लावणी बसवणाऱ्याचं कौतुक झालं, ट्रॅक कापणाऱ्याचं झालं, अँकर म्हणून माझं झालं. शिट्ट्या मात्र एकटीने घरी नेल्या.

तेव्हा मला तो नकार थोडा समजला. बापूरावांनी जात सोडली, ते धाडसच होतं. पण त्यांना ती सोडता येत होती. पवळाला काय सोडता येणार होतं? जन्माने मिळालेला शिक्का तिच्यावर होताच, वर तमाशातली बाई हा दुसरा शिक्का बसला. बाबासाहेब ज्या बायकांना ताठ मानेने चालायला सांगत होते, त्यांच्याच नाचावर उभा राहिलेला पैसा ते कसा घेणार? बापूरावांचा हेतू वाईट होता असं मला अजूनही वाटत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला आणि घेणाऱ्याचा नकारही बरोबर, असं असू शकतं. आपल्या न्यूमेरिकलसारखं एकच उत्तर इथे येत नाही.

पुढचं आयुष्य उताराचं आहे. पवळा त्यांच्यापासून वेगळी झाली. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि करमणुकीचा बाजारच बदलला. ज्याच्या नावावर थिएटरं भरली त्याचे शेवटचे दिवस गरिबीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात पठ्ठे बापूराव वारले. पाचच वर्षांनी, १९५० साली राजा नेने यांनी त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा चित्रपट काढला.

दिवाळीत घरी गेले होते. संध्याकाळी किनाऱ्यावर, समोर कुलाबा किल्ला, ओहोटी लागलेली. माझ्या आजीला सहज विचारलं, बापूराव माहीत आहेत का? ती म्हणाली नाव नाही माहीत. मग मोबाइलवर एक गवळण लावली, तर तिने दुसरी ओळ आधीच म्हटली. पप्पा चकित. आमच्या घरात तमाशा हा शब्द फक्त मला ओरडताना वापरतात!

असो. यंदाचं अँकरिंगही माझ्याकडे आलंय. ठरवलंय की ट्रॅक कापायचा असेल तर मधलं कडवं कापू, शेवटचं नाही. कार्डावर शाहीर पठ्ठे बापूराव असं पूर्ण नाव येईल आणि मी पवळाचंही नाव घेईन. मेसच्या काकांना पहिल्या रांगेत बसवणार आहे.

राहिली माझी मैत्रीण. परवा तिला विचारलं, यंदा करशील का लावणी? ती म्हणाली, लावणी मला आवडते, करीनही, पण त्यानंतर मी मेसला जेवायला येऊ शकेन याची जबाबदारी कोण घेतंय ते आधी सांग. मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. कारण ते एकट्या माझ्या हातात नाही, ते हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. गॅदरिंगला अजून वेळ आहे. विचार करून सांगा.