इस्लामच्या पहिल्या परिचारिका : हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.)

दहावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे विचारायला येतात, मुलीला पुढं कुठं घालायचं. आम्ही नर्सिंगचं नाव काढलं की चेहरे उतरतात. रात्रपाळी असते, परके पुरुष पेशंट असतात, लोक काय म्हणतील? अशा वेळी आम्ही त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांची हकिकत सांगतो.

रुफैदा (रजि.) मदीनेच्या, अस्लम कबिल्यातल्या. वडील सअद हे वैद्य होते. त्यांच्या हाताखालीच त्या जखमा धुणं, पट्टी बांधणं, रक्त थांबवणं शिकल्या. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात त्यांचा तंबू असे. ज्यांचं बघणारं कुणी नाही, अशा जखमींची सेवा तिथं चाले.

हिजरी सन 5, म्हणजे इ.स. 627. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या मोठ्या शिरेत बाण घुसला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवायला सांगितलं, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ येऊन तब्येत विचारत. रक्त थांबावं म्हणून जखमेला डाग दिला, तर हात सुजला. मग पुन्हा डाग दिला.

आज आयसीयूतली नर्स काय करते? श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास मिनिटाला किती, नाडी कशी, बीपी किती, हातपाय गार पडलेत का, पेशंट शुद्धीवर आहे का, लघवी किती झाली, हे ठरावीक वेळानं बघते आणि लिहून ठेवते. रक्त जात असेल तर बहुतेक वेळा आधी नाडी जलद होते, बीपी नंतर पडतं. म्हणून एकदा बघून भागत नाही. गंभीर रुग्ण नजरेच्या टप्प्यात ठेवायचा आणि पुन्हापुन्हा तपासायचा, हेच तिथलं मूळ काम.

काही दिवसांनी सअद (रजि.) यांची जखम पुन्हा फुटली. शेजारच्या तंबूतल्या लोकांना रक्ताचा ओघळ आलेला दिसला, तेव्हा कळलं. त्यातच त्यांचा इंतकाल झाला. तेव्हा ना रक्ताची बाटली होती, ना शीर शिवायची सोय. पण धडा मोठा आहे. रक्त थांबलं म्हणजे धोका टळला असं नाही.

पुढं खैबरच्या मोहिमेतही रुफैदा (रजि.) यांनी जखमींची सेवा केली आणि त्यांना लढणाऱ्यांसारखाच हिस्सा मिळाला, अशी नोंद सीरतच्या पुस्तकांत आहे. सेवेचा मान तेव्हा असा ठेवला गेला.

दिल्लीच्या जामिया हमदर्दमधल्या नर्सिंग कॉलेजला आज रुफैदा यांचंच नाव आहे. आम्ही पालकांना एवढंच सांगतो, बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, तेव्हा निर्णय दहावीनंतरच घ्या. घरचा माणूस आयसीयूत असला की चांगली सिस्टर मिळावी म्हणून आपण दुआ करतो. मग ती सिस्टर आपल्याच घरातून का जाऊ नये? अल्लाह आपल्या लेकींना ही हिंमत देवो, आणि आपल्यालाही. आमीन.