संत गाडगेबाबा : जीवन आणि लोकशिक्षण

माणसाचे मत बिनतोड युक्तिवादाने बदलते, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी वऱ्हाडातील एका निरक्षर कीर्तनकाराचे चरित्र फार उपयोगी आहे.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनापायी वडील अकाली गेले आणि आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. मामाकडे देबूजींनी गुरे राखली, शेती केली. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. न वाचता उमटवलेल्या अंगठ्याची किंमत त्यांना तेथे कळली; मुलांना शिकवा, हा त्यांचा पुढील आयुष्यातील आग्रह या अनुभवाशी जोडून पाहावा.

मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मद्य-मांसाची पंगत अपेक्षित होती. देबूजींनी गोडाचे जेवण वाढले. नातलग नाराज झाले, पण जेवले. रूढीविरुद्ध व्याख्यान न देता पान वाढून मोकळे होण्याची ही रीत आपण लक्षात ठेवा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती मडक्याचे गाडगे आणि खराटा. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलात घसरतात हे पाहून त्यांनी फावडे घेतले आणि उतार नीट करू लागले. कोणी सांगितले नव्हते, मजुरीही मागितली नव्हती. पुढे हाच क्रम ठरला. गावात शिरायचे, रस्ते झाडायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दिवसभर ज्याला वेडा किंवा भिकारी समजले, त्यानेच आपले अंगण झाडले, हे ध्यानात आलेला श्रोता समोर बसलेला असे. अशा श्रोत्याला वक्त्यावर संशय घेणे कठीण जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते बाबांचे निम्मे कीर्तन खराट्यानेच झालेले असे.

उरलेल्या निम्म्याचा विचार भाषेच्या अंगाने करू. बाबा विधाने कमी करीत, प्रश्न अधिक विचारीत. बहुतेक प्रश्न हो किंवा नाही एवढ्यावर सुटणारे आणि रोजच्या व्यवहारातले असत : देव, नवस, बोकड, कर्ज, दारू, शिवाशीव. उत्तर श्रोत्यांनी मोठ्याने द्यायचे. येथे दोन गोष्टी घडतात. निष्कर्ष श्रोत्याच्या स्वतःच्या तोंडून निघतो, त्यामुळे तो खोडण्याची ईर्ष्या उरत नाही. आणि तो शेजाऱ्यांच्या देखत निघतो, त्यामुळे एकट्याचे मत गावाचे होऊ लागते. भाषा वऱ्हाडी, तिला पांडित्याचा स्पर्श नाही. श्रोत्याला हरवण्याचा हेतूही नाही. वादात हरलेला मनुष्य सहसा आपले मत अधिकच घट्ट धरतो, याचा अनुभव आपल्यालाही असेल.

अर्थात रात्री दिलेला होकार सकाळी टिकतोच असे नाही. बाबांना ते पुरते ठाऊक असावे. एरवी त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा आणि मूर्तिजापूरला गोरक्षण उभारण्यात आयुष्य वेचले नसते. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला पाठ टेकायला जागा नव्हती. तेथे चोखामेळा धर्मशाळा झाली. समतेवर श्रोत्याने मान डोलावणे निराळे आणि त्या वारकऱ्याला छप्पर मिळणे निराळे. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दोघांत परस्परांविषयी आदर होता. एक घटना आणि कायदा यांच्या मार्गाने जाणारा, दुसरा टाळ आणि खराटा घेऊन. पण विषय पुष्कळदा एकच. बाबांनी मात्र निवडणूक लढवली नाही, पक्ष काढला नाही, शिष्यपरंपराही मानली नाही. संस्थांच्या संपत्तीवर स्वतःच्या कुटुंबाचा हक्क राहू नये, याविषयी ते कठोर होते.

१९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते जरूर ऐका आणि त्यातील विधाने व प्रश्न वेगवेगळे मोजा. श्रोत्यांचा आवाज कोठे वाढत जातो, तेही टिपा. त्यानंतर थोड्याच काळात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीत आहे.