इंजिनिअरिंग सोडलेला फादर

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. शाळेत सिस्टरनी सहा दिवसांत जग निर्माण झाल्याची गोष्ट सांगितली, फिजिक्सच्या टीचरनी बिग बँग शिकवलं. मार्कांपुरतं मी दोन्ही मानलं. परवा हॉस्टेलच्या मेसमध्ये वाद रंगला, की हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलंय. तेव्हा मला फादर जॉर्ज लमेत्र आठवले.

1894 साली बेल्जियममध्ये जन्मलेले लमेत्र चक्क आपल्यासारखे इंजिनिअरिंगला होते! 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि ते शिक्षण सोडून सैन्यात गेले. परतल्यावर त्यांनी गणित आणि फिजिक्स घेतलं, आणि 1923 मध्ये ते धर्मगुरू झाले.

डोंबिवलीला न थांबणारी मेल आठवा. गाडी पुढे निघून गेली की हॉर्नचा आवाज एकदम खाली उतरतो. साधारण तसाच लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. त्यावरून 1927 मध्ये लमेत्रनी मांडलं, की विश्व प्रसरण पावतंय. आइनस्टाईनना गणित पटलं, निष्कर्ष नाही. 1929 मध्ये हबल यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ दिलं. 1931 मध्ये लमेत्र आणखी मागे गेले: सुरुवातीला सगळं विश्व एका आदिअणूत असणार.

1951 मध्ये खुद्द पोपनी यात देवाच्या निर्मितीचा पुरावा पाहिला. लमेत्रना ते रुचलं नाही. त्यांच्या मते हा सिद्धांत धर्माच्या बाजूचा नव्हता आणि विरुद्धही नव्हता.

विरोधकही तगडे होते. फ्रेड हॉयल आणि पुढे त्यांचे विद्यार्थी, आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर, यांना विश्वाला आरंभ आहे हेच मान्य नव्हतं. पण तेही पुराव्यावरच भांडले.

1964 मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर सापडली. आधी संशय कबुतरांच्या विष्ठेवर गेला. ती साफ केली तरी खरखर जाईना! ते निघालं आरंभीच्या तप्त विश्वाचं उरलेलं प्रारण, जेमतेम 3 केल्व्हिनचं. ही बातमी लमेत्रना आजारपणात कळली. थोड्याच दिवसांत, 20 जून 1966 रोजी, ते गेले.

खरं सांगू? प्रॅक्टिकलला आपण सगळेच उत्तरावरून रीडिंग काढतो. मेसमधला वादही तसाच होता, उत्तर आधी, पुरावा नंतर. ज्या माणसाला उत्तर आधीच ठरवायचा सगळ्यात मोठा मोह होता, त्याने तो टाळला. हल्ली जर्नल लिहिताना माझा हात जरा अडखळतो.