भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोव्हालेव्स्की

बंदरातील खांबांना, खडकांना आणि गलबतांच्या तळांना पिशवीसारखा एक मऊ प्राणी चिकटलेला असतो. बोट लावताच तो पाण्याची पिचकारी मारतो. ॲसिडियन हे त्याचे शास्त्रीय नाव; आपल्या किनाऱ्यावरही त्याच्या जाती आढळतात. त्याला ना डोके, ना पाठीचा कणा. एका छिद्राने पाणी घ्यावे, त्यातील सूक्ष्म अन्न गाळावे आणि दुसऱ्या छिद्राने पाणी सोडून द्यावे, एवढाच त्याचा जन्माचा व्यवसाय. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात पुष्कळ विद्वान त्याला शिंपल्या-कालवांच्या गोतात बसवीत. त्याचे खरे कूळ शोधून काढले ते कोव्हालेव्स्कीने.

अलेक्झांडरचा जन्म १८४० साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या लाटव्हियातील द्विन्स्क नगराजवळ झाला. आरंभी तो अभियांत्रिकी शिकत होता. पण ते शिक्षण अर्धवट सोडून त्याने सेंट पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयात निसर्गविज्ञानाची वाट धरली. १८६४ साली तो नेपल्सच्या समुद्रकाठी गेला. तेथील प्रसिद्ध प्राणिशास्त्रीय संशोधनकेंद्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. सूक्ष्मदर्शक, समुद्रातील अंडी आणि अपार चिकाटी, एवढ्या भांडवलावर त्याने काम चालविले.

ॲसिडियनचे पिलू बेडूकमाशासारखे असते. ते काही काळ पोहते, मग डोक्याकडील बाजूने खडकाला चिकटते आणि त्याची शेपटी विरून जाते. ही शेपटी पूर्वीही अनेकांनी पाहिली होती. परंतु ती कशी घडते, हे कोव्हालेव्स्कीने अंड्यापासून तासन्‌तास पाहिले. शेपटीच्या मध्यातून पेशींचा एक ताठ दांडा जातो आणि त्याच्या वर, पाठीच्या बाजूस, मज्जातंतूंची नलिका तयार होते. हा दांडा म्हणजेच पृष्ठरज्जू. माशाच्या, पक्ष्याच्या आणि मनुष्याच्याही भ्रूणात तो असतो. प्रौढपणी जो प्राणी आपल्याशी काहीही नाते दाखवीत नाही, तो बाळपणी आपला आप्त ठरला! १८६६ साली हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते.

पुढच्याच वर्षी त्याला मेचनिकॉव्हसह बेअर पारितोषिक मिळाले. डार्विननेही १८७१ च्या आपल्या ग्रंथात या शोधाचे स्वागत केले. पण ज्याच्या नावाचे ते पारितोषिक, तो भ्रूणविज्ञानाचा पितामह फॉन बेअर याला हे नाते मान्य नव्हते. ऐंशी उलटलेल्या त्या वृद्धाने १८७३ मध्ये विरोधी निबंध लिहिला. तरुण संशोधकाला ते सोपे गेले नसावे. परंतु १८७१ साली कोव्हालेव्स्कीने पुन्हा निरीक्षण करून दुसरा निबंध प्रसिद्ध केला होता, आणि जर्मनीतील कुप्फरनेही आपल्या निरीक्षणांनी त्याला पुष्टी दिली होती. पुढे बेअरचा आक्षेप मागे पडला.

कझान, कीव्ह, ओडेसा येथे त्याने अध्यापन केले. १८८३ साली त्याचा धाकटा भाऊ व्लादिमीर, जो स्वतः नामांकित जीवाश्मशास्त्रज्ञ आणि गणिती सोफिया कोव्हालेव्स्काया हिचा पती होता, त्याने आत्महत्या केली. अलेक्झांडर १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्ग अकादमीचा सदस्य झाला आणि १९०१ साली निवर्तला.

त्याच्या पश्चात अभ्यास पेशींच्या आतील रसायनांपर्यंत पोहोचला आहे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल पृष्ठवंशी भ्रूणाला पुढचे कोणते आणि मागचे कोणते, हे ठरविण्यास साहाय्य करते. सायोना नामक ॲसिडियनच्या भ्रूणातही ते आम्ल घडविणारे जनुक शेपटीच्या पुढील स्नायूंत कार्यरत असते आणि त्याच्या प्रभावाने ‘हॉक्स-१’ हे जनुक जागे होते. मात्र ओइकोप्ल्यूरा या चुलत प्राण्याने ही आम्लाची सर्व यंत्रणा गमावली आहे, तरीही त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू जन्मभर कायम राहतो.