डॉ. वसंत रामजी खानोलकर

शत्रूस जिंकावयाचे असेल, तर तो कोणत्या वाटेने येतो आणि आत शिरल्यावर कोणत्या वाटेने पसरतो, या दोन गोष्टी अगोदर जाणल्या पाहिजेत. कर्करोग हा मनुष्यजातीचा असाच एक शत्रू होय. त्याच्या वाटा शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका थोर वैद्यकशास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म ता. १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी घराण्यात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले व लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम्. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली संपादन केली. त्या काळी विलायतेहून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास खासगी धंद्यात द्रव्य व मान ही दोन्ही सुलभ असत. परंतु खानोलकरांनी शिक्षकाचा व संशोधकाचा मार्ग पत्करला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात काय बिघाड केला, हे प्रत्यक्ष पाहण्याचे शास्त्र. रोग्याच्या गाठीचा लहानसा तुकडा काढतात, त्याचे कागदाहूनही पातळ काप करतात, ते रंगवितात व सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवतात. कर्करोगाच्या पेशी कोठवर गेल्या आहेत, हे तेथे दिसते. त्यातही पाहणाऱ्याची दृष्टी एका गोष्टीकडे विशेष असते. ती ही, की या पेशी एखाद्या रक्तवाहिनीत शिरल्या आहेत काय?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यास थोडे विवेचन हवे. गाठ अगदी लहान असते, तेव्हा भोवतालच्या रसांवर तिचा निर्वाह होतो. परंतु एक-दोन मिलिमीटरहून मोठे व्हावयाचे, तर तिला रक्ताचा पुरवठा पाहिजे. मग जसा एखाद्या लबाड शेतकऱ्याने गावच्या कालव्यास भोक पाडून आपल्या वावरात पाट न्यावा, तशी ती गाठ जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटावयास लावते. हा विचार अमेरिकेतील शस्त्रवैद्य ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली ठामपणे मांडला. या नव्या वाहिन्या कच्च्या व झिरपणाऱ्या असतात. त्यामुळे ज्या पाटाने अन्न आत येते, त्याच पाटाने गाठीतील पेशी बाहेर निसटतात आणि रक्ताबरोबर फुप्फुस, यकृत, हाडे यांपर्यंत जाऊन पोहोचतात. त्यांतील बहुतेक वाटेतच मरतात. पण ज्या थोड्या तगतात, त्या नव्या ठिकाणी नवी गाठ उत्पन्न करतात. सर्वच जागी त्या रुजत नाहीत. बी कितीही उडाले तरी योग्य जमिनीतच उगवते, तसाच हा प्रकार होय, असे इंग्लंडातील स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली दाखविले होते. तोंडाचा कर्करोग बहुधा प्रथम लसवाहिन्यांतून मानेतील गाठींत उतरतो व नंतर रक्तमार्गे दूर जातो. एका जागी असलेला रोग कापून काढता येतो. सर्व शरीरात पांगलेला रोग आवरणे फार कठीण. म्हणून रोग उत्पन्न होणे आणि तो पांगणे यांच्यामध्ये जो अवधी असतो, तोच रोग्यास वाचविण्याचा खरा अवधी होय.

ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे आधिपत्य डॉ. खानोलकरांकडे आले. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका का होतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १,००० रोग्यांचा अभ्यास करून त्यांनी तो १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, लोकांच्या चालीरीतींपासून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यांनी वर्णन केले. चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याने टाळूस होणारा कर्करोग हा त्यांपैकी एक. नंतर १९५५ साली डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनी रोगी व निरोगी माणसांच्या सवयी ताडून पाहिल्या. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा व ओढणाऱ्यांत घशाचा कर्करोग अधिक, असे त्यांस आढळले. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या या पंडिताने रोग्याच्या खिशातील चंचीकडेही तितक्याच बारकाईने पाहिले, हा त्यांचा विशेष होय.

१९५२ साली त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या विदुषी. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनी त्या केंद्रात उभारली. कुष्ठरोग व रक्तगट यांवरही खानोलकरांचे संशोधन आहे. १९६० ते १९६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते; नंतर वैद्यकशास्त्राचे पहिले राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. ता. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, हे चरित्र आपल्यापासून दूरचे नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या पाळ्या रात्रंदिवस चालतात. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तळहातावर तंबाखू व चुना मळून गालात बार धरणारे लोक आपल्या शेजारी आहेत, कित्येकांच्या घरीही असतील. घरोघर मिशेरी लावणाऱ्या आजीबाई आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यास बंदी केली. पण सवय कायद्याने सुटत नाही, ती मनाच्या निश्चयानेच सुटते. तोंडातील जे क्षत दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाही, गालाच्या आतील पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, मानेतील न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही दिसल्यास वडीलधाऱ्यांनी ते दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये. ताबडतोब डॉक्टरांस दाखवावे. आरंभी बहुधा दुखत नाही, आणि तोच उपायाचा काळ असतो. घरातील कोणाच्या तोंडात असे काही आढळले, तर मुलांनी भीड न धरता, पण नम्रपणे, त्यांस डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करावा. एवढे केले तरी डॉ. खानोलकरांच्या श्रमांचे थोडेबहुत ऋण फेडल्यासारखे होईल.